यंत्र कोपऱ्यात, माणूस फरशीवर

(एका रुग्णालयाच्या व्यवस्थापनास अनावृत पत्र)

मा. व्यवस्थापक मंडळींस,


तुमच्या रुग्णालयाचं नाव मी या पत्रात घालत नाही. नाव घातलं की लोक नावावर बोलत बसतात, तुम्ही खुलासा काढता आणि मूळ गोष्ट बाजूला पडते. शिवाय तुमच्यासारखी रुग्णालयं आणखी पुष्कळ असणार, असा माझा दाट संशय आहे. ज्यांना हे पत्र लागू पडेल त्यांनी ते आपल्यालाच आलंय असं समजावं.

मी कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयडा तालुक्यातली. मराठी शाळेत शिकवून निवृत्त झालेली. माझे वडील, आमचे आप्पा, डाव्या अंगावरून वारं गेल्यामुळे तुमच्याकडे दाखल होते. औषधोपचाराबद्दल माझं काही म्हणणं नाही. डॉक्टरांनी वेळेवर पाहिलं, गोळ्या मिळाल्या, बिलातही कुठे खोट नव्हती. आप्पा तुमच्या वॉर्डात पलंगावरून घसरून पडले, त्याचाही दोष मी तुम्हाला देत नाही. लकव्याचा माणूस पडतो. रात्री लघवीला जायचं असतं, कुणाला उठवायचं म्हणून संकोच वाटतो, चांगला पाय खाली टेकतो आणि दुसरा साथ देत नाही. माझं दुखणं पडण्याबद्दल नाही, उचलण्याबद्दल आहे.

पहाटे मी गरम पाणी आणायला खाली गेले होते. थर्मास घेऊन वर आले तर आप्पा फरशीवर आणि त्यांच्याभोवती चार माणसं. दोन वॉर्डबॉय, एक मावशी आणि समोरच्या पलंगावरच्या रुग्णाचा मुलगा, जो बिचारा झोपेतून उठून मदतीला आला होता. आप्पांना कुठे लागलंय का, हे कुणी विचारलं नव्हतं. एकाने मागून दोन्ही बगलांत हात घातले, दुसऱ्याने पाय धरले, मावशीने लुंगीची कमरेशी मूठ पकडली. ‘एक, दोन, तीन’ झालं आणि आप्पांचं सगळं वजन बगलेतल्या त्या दोन हातांवर आलं. उजवी बाजू सावरली. डावा हात मात्र वर खेचला गेला, कानाजवळून मागे वळला, आणि आप्पा असे ओरडले की पलीकडच्या खोलीतली माणसं दारात आली. ‘झालं झालं, आजोबा,’ असं म्हणत भाताचं पोतं टाकावं तसं त्यांना गादीवर टाकलं. लुंगी गुडघ्यांच्या वर गेली होती, तीही कुणी सारखी केली नाही. मावशी कमरेवर हात ठेवून भिंतीला टेकली होती. तिच्याही तोंडावर कळ दिसत होती.

आणि तिथून दहा पावलांवर, व्हरांड्याच्या कोपऱ्यात, रुग्ण उचलायचं यंत्र उभं होतं.

मी ते आधीही पाहिलं होतं. प्लास्टिकच्या खोळीत झाकलेलं, वरच्या दांड्यावर कुणाचा तरी टॉवेल वाळत घातलेला, खांबावर देणगीदारांच्या नावाची पितळी पट्टी. पट्टी मात्र पुसून लख्ख ठेवलेली. त्या दिवशी मी विचारलं, हे वापरलं का नाही? वॉर्डबॉय म्हणाला, त्याची झोळी कुठे गेली माहीत नाही. सिस्टर म्हणाल्या, ज्या ब्रदरला शिकवलं होतं त्याची बदली झाली. ऑफिसातले गृहस्थ तर माझ्यावरच चकित झाले. ‘अहो, माणसं आहेत ना उचलायला! यंत्र कशाला लागतं?’ हे वाक्य मला अजून सलतं. कारण त्यात कुठेही दुष्टपणा नव्हता. त्यांना खरंच वाटत होतं की हातांनी उचलणं म्हणजे माया, आणि यंत्र म्हणजे कोरडेपणा.

केसपेपरवर लिहिलं गेलं : रुग्ण पडला, इजा नाही.

खांद्याची गोष्ट पुढे कळली. लकवा झालेल्या बाजूचे स्नायू ढिले पडतात, खांद्याचा सांधा त्यांच्याच जोरावर जागेवर असतो. त्या बगलेत हात घालून माणसाला वर ओढलं की सांधा खाली सरकतो, आजूबाजूचे तंतू ताणले जातात. फिजिओथेरपी शिकणाऱ्या मुलांना सुरुवातीलाच सांगतात म्हणे, लकव्याच्या रुग्णाला बगलेतून कधीच धरायचं नाही. आप्पांचा तो हात आधीच निकामी होता, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. तो निकामी होता, पण दुखत नव्हता. आता दुखतो.

मी ज्या भागातून येते त्याबद्दल दोन शब्द सांगते, म्हणजे माझ्या बोलण्याचा रोख कळेल. जोयडा तालुका पसरायला अफाट आणि वस्तीला विरळ. 2011 च्या जनगणनेत सगळ्या तालुक्यात मिळून साधारण 52 हजार माणसं. जुनं सुपा गाव काळी नदीवरच्या धरणाच्या पाण्याखाली गेलं, बरेच लोक रामनगरला जाऊन वसले, उरलेले आम्ही रानात विखुरलेलो. आता भोवती काळी व्याघ्र प्रकल्प. पाड्यापर्यंत गाडी न येणारी ठिकाणं अजून आहेत. तिथे आजारी माणसाला खुर्चीला बांबू बांधून किंवा कांबळ्याची झोळी करून रस्त्यापर्यंत आणतात. आप्पांनाही असंच आणलं. आणणारी आमच्या वाडीची कुणबी पोरं. त्यांनी आधी आप्पांना कांबळ्यावर कुशीला वळवून घेतलं, लुळा हात छातीवर ठेवून पंचाने सैल बांधला, डोक्याशी एक जण सतत चालत राहिला, ओढ्याच्या उतारावर पावलाला पाऊल मिळवून उतरले. मध्ये दोनदा खाली ठेवलं तेही आधी सांगून, ‘आप्पा, आता टेकवतो हं.’ कुणी त्यांना प्रशिक्षण दिलं नव्हतं. बापजाद्यांपासून माणसं वाहून नेणाऱ्या गावाला ते येतंच. रानातून येताना आप्पांना ओरखडा उठला नाही. गुळगुळीत फरशीवर, दिव्याच्या उजेडात, तुमच्या वॉर्डात उठला. म्हणून माझा राग यंत्र नसलेल्यांवर नाही, ज्यांनी ते असून झाकून ठेवलं त्यांच्यावर आहे.

‘माणसं आहेत ना’ या वाक्याचा हिशेबही एकदा करू. अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षिततेचा अभ्यास करणारी निओश नावाची सरकारी संस्था आहे. तिथल्या थॉमस वॉटर्स यांनी 2007 मध्ये मांडलं की रुग्णाला हातांनी उचलताना एका माणसाच्या वाट्याला 35 पौंडांहून, म्हणजे सुमारे 16 किलोहून, जास्त वजन येऊ नये. आप्पा साठ किलोंचे धरा. चौघांनी उचललं तर प्रत्येकी पंधरा, मग बिघडलं कुठे, असं कुणी म्हणेल. बिघडलं ते असं की हा 16 किलोंचा आकडा सगळं अनुकूल असतानाचा आहे. रुग्ण साथ देतोय, वजन अंगाशी धरलंय, कंबर वाकलेली किंवा पिळलेली नाही, आणि धरलेला माणूस अचानक हलणार नाही. जमिनीवर पडलेल्या माणसाच्या बाबतीत यातली एकही अट पाळली जात नाही. आणि वजन चौघांत सारखं कधीच वाटलं जात नाही. बगलेत हात घालणाऱ्यावर निम्म्याहून अधिक येतं, पायांशी असलेल्याला चैन. तुमची मावशी भिंतीला टेकली होती ती उगाच नाही. तिच्या कमरेचा केसपेपर कुणी काढला?

पडलेल्या माणसाला उचलण्याची घाई हीच मुळात चुकीची, हे मला आप्पांच्या निमित्ताने वाचून, विचारून समजलं. तुमच्या वॉर्डात ते कुणाला तरी आधीच ठाऊक असायला हवं होतं. आधी त्याच्याशी बोलायचं. शुद्धीवर आहे का, डोकं आपटलं का, मान दुखते का. एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसतोय आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलंय, तर खुब्याचं हाड मोडलं असण्याची शक्यता मोठी. अशा माणसाला यंत्राच्या झोळीतही घालायचं नाही, त्याच्यासाठी दोन बाजूंनी सरकवून जोडायचं सपाट स्ट्रेचर असतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील आणि डोक्याला मार असेल, तर माणूस हसत बोलत असला तरी डॉक्टरांनी बघायलाच हवं. तोवर मान दुखत नसेल तर डोक्याखाली उशी, अंगावर चादर, आणि शेजारी एक माणूस. फरशीवर पाच मिनिटं पडून राहिल्याने कुणाचं काही बिघडत नाही. तासाच्या वर पडून राहिलं तर बिघडतं : दाबलेले स्नायू झिजतात, त्याचा भार मूत्रपिंडावर येतो, कातडी फुटते. म्हणजे घाई नको, हयगयही नको.

कित्येकांना तर उचलावंच लागत नाही. लागलेलं नसेल आणि हातापायांत बळ असेल, तर पडलेला माणूस कुशीवर वळून, रांगत्या अवस्थेत येऊन, समोर ठेवलेल्या खुर्चीचा आधार घेऊन, एक पाऊल टेकून स्वतःच वर येऊ शकतो. दुसरी खुर्ची मागून सरकवायची, बस्स. आपल्याकडे म्हातारं माणूस पडलं की पाच जण त्याच्यावर तुटून पडतात, त्याला श्वास घ्यायलाही उसंत देत नाहीत. पण आप्पांसारखे, ज्यांचं अर्धं अंग गेलंय, त्यांना हे जमत नाही. हे यंत्र अशांसाठीच असतं.

आणि ते वापरणं काही रॉकेट उडवणं नव्हे. नंतर दुसऱ्या एका ठिकाणी मी ते नीट वापरताना पाहिलं, म्हणून सांगते. दोघी जणी होत्या. एकीने आधी झोळीचे पट्टे बोटांनी चाचपून पाहिले, शिवण उसवली आहे का, कुठे सुटी दोरी लोंबतेय का. लेबलावरचं वजन वाचलं. मग रुग्णाला हलकेच कुशीला वळवून झोळी पाठीमागे अर्धी गुंडाळून ठेवली, दुसऱ्या कुशीला वळवून ती ओढून सरळ केली. मांड्यांखालचे पट्टे आतून घेऊन एकमेकांत अडकवले. यंत्राचे पाय रुंद फाकवले, कारण पाय मिटलेले असताना वजन उचललं तर अख्खं यंत्र कलंडू शकतं. आडवा दांडा खाली आणताना एकीचा हात सतत त्यावर होता. तो लोखंडी दांडा झोपलेल्या माणसाच्या कपाळाशी येतो, आणि धक्का लागला तर पडण्याने झाली नाही ती जखम त्याने होते. खांद्याशी आखूड फासे, पायांशी लांब, म्हणजे माणूस झोळीत बसता होतो. दोन्ही बाजूंना एकाच रंगाचे, म्हणजे तो एका अंगावर झुकत नाही. पट्टे ताणले जाऊन अंग जेमतेम फरशीवरून सुटलं, तिथे थांबल्या. चारही फासे पुन्हा पाहिले. मग वर.

एक गोष्ट मला आधी उलटी वाटली. पलंगाच्या चाकांना ब्रेक लावलेला होता, यंत्राच्या चाकांना मात्र नाही. मी टोकलं तर ती हसून म्हणाली, ‘अक्का, वजन वर जाताना यंत्राला थोडं सरकू द्यावं लागतं, म्हणजे ते आपोआप बरोबर मधोमध येतं. जखडून ठेवलं तर माणूस झोका घेतो. पण कंपनीच्या पुस्तकात जे लिहिलंय ते आधी बघायचं.’ झोळीतल्या आजींना त्या सगळा वेळ सांगत होत्या, आता वर जाताय, आता डावीकडे वळताय, हात छातीवर धरा. आजींच्या अंगावर लुगडं नीट होतं. त्या घाबरल्या होत्या, पण ओरडल्या नाहीत. सगळं मिळून, तुमच्या माणसांना चहाला जो वेळ लागतो, त्याहून कमीच वेळ गेला असेल.

यंत्र काही काल निघालेलं नाही. तरुणपणी मोटार अपघातात मानेखाली लुळा पडलेला अमेरिकेतल्या ओशकोश गावचा टेड हॉयर हा त्याच्या जनकांपैकी एक. त्याला स्वतःलाच रोज कुणीतरी उचलावं लागत होतं. अजूनही पुष्कळ ठिकाणी या यंत्राला हॉयर याच नावाने हाक मारतात. ब्रिटनमध्ये 1998 पासून नियम आहे की माणसं उचलणारी यंत्रं आणि त्यांच्या झोळ्या सहा महिन्यांतून एकदा जाणकाराकडून तपासून घ्यायच्या. तुमच्याकडच्या यंत्राची शेवटची तपासणी कधी झाली होती? पितळी पट्टीची नव्हे.

मराठी वाचकाला ‘चाकाची खुर्ची’ ठाऊक आहे. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी आपल्या आत्मचरित्राला ते नाव दिलं आणि 1984 पासून ‘हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड’च्या कामातून ती खुर्ची घराघरांत ओळखीची केली. पण माणूस जमिनीवरून त्या खुर्चीत यायचा कसा, हा प्रश्न अजून आपण आई, बायको, सून आणि मावशीच्या कमरेवर सोडलेला आहे. सरकारी योजनांचंही तेच. 2017 पासून चालू असलेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरीब वृद्धांना काठी, वॉकर, कुबड्या, श्रवणयंत्र, कवळी, चष्मा, व्हीलचेअर मिळते. चांगलंच आहे. हे सगळं उभ्या किंवा बसलेल्या माणसासाठी झालं. पडलेल्यासाठी त्यात काय आहे? आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार माणसं पडण्याने दगावतात. अपघाती मृत्यूंत रस्त्यावरच्या अपघातांखालोखाल क्रमांक पडण्याचाच.

हातांनी केलेल्या सेवेबद्दल मला आदर नाही, असं कृपा करून समजू नका. आमच्याच जिल्ह्यातल्या, होन्नावर तालुक्यातल्या हळदीपूरची अरुणा शानभाग मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका होती. 27 नोव्हेंबर 1973 ला तिच्यावर अत्याचार झाला आणि 18 मे 2015 ला न्यूमोनियाने ती गेली. मधली जवळजवळ 42 वर्षं तिथल्या परिचारिकांनी तिला सांभाळलं. पिढ्या बदलल्या, तिला ओळखणाऱ्या निवृत्त झाल्या, नव्या मुली आल्या, त्यांनीही तो वसा टाकला नाही. दयामरणाचा खटला सर्वोच्च न्यायालयात चालला तेव्हा रुग्णालयाने सांगितलं होतं की एवढ्या वर्षांत तिच्या अंगावर एकही शय्याव्रण झालेलं नाही. हे वाचून कुणाचाही ऊर भरून येईल. माझाही आला. शय्याव्रण होऊ द्यायचं नाही म्हणजे दिवसरात्र, ठराविक वेळाने, माणसाला कुशी बदलून द्यायची. पण ही गोष्ट सांगून जेव्हा कुणी म्हणतं, ‘बघा, यंत्राशिवायही होतं,’ तेव्हा मला विचारावंसं वाटतं, ते करणाऱ्या बायकांच्या पाठी कुणी मोजल्या? त्यांची निष्ठा सांगून तुम्ही तुमच्या मावशीला रोज चार माणसं उचलायला लावता, आणि तिने कुरकुर केली तर सेवाभाव कमी पडला म्हणता. केईएमच्या त्या परिचारिकांनी एका मैत्रिणीसाठी स्वखुशीने जे केलं, ते तुम्ही कंत्राटी पगारावर सक्तीने करून घेता आहात.

आता आमच्या जिल्ह्यातल्या रुग्णालयाच्या मागणीबद्दल. 20 जुलै 2022 ला होन्नावरहून रुग्ण घेऊन निघालेली रुग्णवाहिका उडुपी जिल्ह्यातल्या शिरूरच्या टोलनाक्यावर आदळली, चार जीव गेले. त्यानंतर आमच्या जिल्ह्यात सुसज्ज मोठं रुग्णालय हवं म्हणून केवढं रान उठलं होतं! मीही त्या मागणीच्या बाजूने होते, अजून आहे. पावसाळ्यात अणशी घाटात दरड आली की कारवारची वाट बंद, मग बेळगाव, हुबळी नाहीतर अनमोड उतरून गोवा. पेशंट घेऊन ज्याने हे केलंय त्यालाच ठाऊक. पण आप्पांच्या प्रसंगापासून मला एक धास्ती बसली आहे. उद्या ते मोठं रुग्णालय झालं, त्यात पितळी पट्ट्यांची पन्नास यंत्रं आली, आणि ती सगळी अशीच खोळीत गेली तर?

घरी न्यायला मिळालं तर न्यावं, म्हणून आम्ही असं यंत्र भाड्याने मिळतं का तेही पाहिलं. आमच्या घरात त्याची चाकं चालेनात. अर्धं घर शेणाने सारवलेलं, त्यात ती बारकी चाकं रुततात. प्रत्येक दाराला उंबरा. पलंग म्हणजे खाली खणांचा दिवाण, यंत्राचे पाय शिरणार कुठे? विजेवर चालणारं घ्यावं तर पावसाळ्यात वीज असते कधी? झोळी धुतली तर आषाढात वाळणार कशी? चुलीवरच्या दोरीवर टाकली तर नायलॉनचे पट्टे धगीने कडक होतात, आणि कडक झालेला पट्टा एक दिवस दगा देणार. शेवटी जिथे आप्पा झोपतात तेवढी खोली सिमेंटची करून घेतली, दिवाण काढून चार पायांची लोखंडी खाट आणली. आमच्यासारख्या घराला एवढं करावं लागलं. तुमच्याकडे गुळगुळीत फरशी आहे, रुंद दारं आहेत, जनरेटर आहे, खाली मोकळी जागा असलेले पलंग आहेत. तुम्हाला फक्त एक झोळी सापडत नव्हती.

मी तुमच्याकडे लेखी तक्रार दिली होती. उत्तर आलं की सदर घटनेबाबत कर्मचाऱ्यांना समज देण्यात आली आहे. हे वाचून मी अधिकच दुखावले गेले. समज कुणाला दिलीत? त्या दोन पोरांना आणि त्या मावशीला? त्यांनी त्यांना माहीत होतं ते केलं. झोळी हरवली तेव्हा दुसरी मागवायची कुणी? ब्रदरची बदली झाली तेव्हा पुढच्याला शिकवायचं कुणी? यंत्राचं पुस्तक इंग्रजीत, तुमची मावशी कन्नड वाचते, आप्पांना कळतं मराठी आणि कोकणी. चार ओळी कन्नडात लिहून खांबावर चिकटवायच्या कुणी? देणगीदारांना बोलावून फोटो काढायला तुमच्यातले झाडून सगळे हजर होते, त्याचा फोटो तुमच्याच दर्शनी भिंतीवर लावलेला आहे. त्या फोटोत मावशी नाही, रात्रपाळीचा वॉर्डबॉय नाही. यंत्र ज्यांच्या हाती जायचं होतं त्यांना ते कुणी दाखवलंच नाही.

मला भरपाई नको. आप्पांचा खांदा पूर्वीसारखा होणार नाही, हेही मला समजलं आहे. ते त्या पोरांना माझ्यापेक्षा लवकर माफ करून बसले, ‘घाबरली होती गं ती,’ म्हणतात.

तुम्ही एवढंच करा. खोळ काढा. झोळ्या मागवा, लहान, मध्यम, मोठ्या, आणि एक धुवायला गेली की दुसरी हाताशी राहील इतक्या. वर्षातून दोनदा यंत्र आणि झोळ्या तपासून घ्या, तारीख खांबावर लिहा. पडलेल्या रुग्णाला आधी काय विचारायचं, काय बघायचं आणि कुणाला मुळीच उचलायचं नाही, हे कन्नडात आणि मराठीत वॉर्डात लावा. रात्रपाळीला नेहमी किमान दोघं तरी असे असावेत की ज्यांनी ते चालवून पाहिलंय. लकव्याच्या रुग्णाच्या पलंगावर ‘बगलेतून धरू नये’ अशी पाटी टांगा, ती तर पुठ्ठ्याचीही चालेल. केसपेपरवर रुग्ण पडला याच्यापुढे कसा उचलला हेही लिहायला लावा.

आणि शिकवायच्या दिवशी झोळीत बसायला माणूस लागतो. मला कळवा, मी येईन. पण माझ्याआधी तुमच्यापैकी एकाने बसावं, ही विनंती.

कळावे,
जोयडा तालुक्यातल्या एका रुग्णाची मुलगी